तेरा नंबरचं बिऱ्हाड

सर्व्हरला ताप आहे की नाही हे हात उलटा लावून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सुधाकर मामीडवार. रोज सकाळी सर्व्हरच्या गार खोलीत येतात, चपला दाराबाहेर काढतात, लोखंडी कपाट उघडतात आणि आतल्या तिन्ही यंत्रांना लेकराच्या कपाळाला लावावा तसा हात लावतात. मग कान लावतात. डोळे मिटतात. मिनिटभरानं बाहेर येऊन माझ्या टेबलासमोर जाहीर करतात, "एक नंबर बरा हाये. तीन नंबर बरा हाये. दोन नंबर कुरकुरून राह्यला."

तिन्ही यंत्रांचं तापमान माझ्या संगणकावर दशांशासकट दिसतं. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. त्यांनी मान वाकवून आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "आकडा ठीक हाये मॅडम. पण विचारपूस केली पाहिजे."

विचारपूस हा त्यांचा शब्द. दिवसातून वीसदा येतो. प्रिंटर अडकला की विचारपूस, जनरेटर सुरू करण्याआधी विचारपूस, एसीच्या नळीतून पाणी गळलं की विचारपूस. "यंत्र सांगते सगळं, मॅडम. विचारणारं कोणी पाहिजे."

मी यवतमाळच्या एका शिक्षण संस्थेत संगणक विभागाची प्रमुख आहे. संस्थेची दोन कॉलेजं, अकरा शाळा. राळेगाव, वणी, पांढरकवडा अशी पसरलेली वसतिगृहं. सगळ्यांचे निकाल, हजेऱ्या, प्रवेश, ग्रंथालयं आमच्या त्या एका गार खोलीतून चालतात. मी एमसीए आहे, बावीस वर्षं नोकरी झाली आहे. मामीडवार आयटीआयचे इलेक्ट्रिशियन. केळापूरकडचे. संस्थेत लागले जनरेटर सांभाळायला. सर्व्हर आले तेव्हा एसीची वायर ओढायला म्हणून त्या खोलीत शिरले आणि मग बाहेर आलेच नाहीत.

आणि गेली दहा वर्षं मी या माणसावर जळते. मत्सर हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरा शोधायला वेळ नाही.

कारणं सांगते. संस्थेच्या सचिवांसमोर मी अर्धा तास आकृत्या काढून बोलते. साहेब शांतपणे ऐकतात आणि शेवटी विचारतात, "बरं, पण मामीडवार काय म्हणते?" एकदा मामीडवार म्हणाले की दोन नंबरचा पंखा घसा खरवडून राह्यला. माझ्या पडद्यावर सगळं हिरवं होतं, तसं मी ठणकावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी पंखा बंद. नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर आला, पंखा बदलला आणि जाताना मामीडवारांसोबत कपाटापुढं उभा राहून फोटो काढून गेला. फोटो मी काढला. दोघांनी मला बाजूला व्हायला सांगितलं होतं, माझी सावली पडत होती.

ऑफिसचं एक वेळ सोडा. आमच्या घरचं वायफाय बंद पडलं, तर नवऱ्यानं फोन मला केला नाही, मामीडवारांना केला. ते आले, राऊटरला कान लावला, टेबलावरून उचलून फ्रिजपासून लांब खिडकीत ठेवला. चाललं. त्या दिवसापासून आमच्या सासूबाई दरवर्षी त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवतात. माझ्याच हातून. बावीस वर्षांत माझ्या कुठल्या कामासाठी सासूबाईंनी बरणी काढली नाही.

सगळ्यात जास्त जळायचे मी त्यांच्या वह्यांवर. एकतीस वह्या, खाकी कव्हर घातलेल्या, शाळेसारखं स्टिकर लावलेल्या. नाव: सु. ल. मामीडवार. विषय: विचारपूस. आत रोजच्या नोंदी. 'सकाळी पावणेनऊ. तिन्ही घरी विचारपूस. दोन नंबर कुरकुरा. शेजारच्या जिनिंग मिलची रुई पंख्याच्या जाळीत अडकली होती, काढली.' एकदा ते सुटीवर असताना मी चूक शोधायला म्हणून त्या सगळ्या वह्या चाळल्या. चूक सापडली नाही. एक नोंद मात्र सापडली. 'मॅडमनी चुकीची केबल काढली. ग्रंथालय झोपलं. मी परत लावली. कोणाले सांगितलं नाही.' खरंच सांगितलं नव्हतं. त्यानं मला आणखीच राग आला.

'तिन्ही घरी' म्हणजे काय ते सांगायला हवं. कपाटात लोखंडी यंत्रं तीनच आहेत. पण प्रत्येकाच्या पोटात आठ-नऊ सर्व्हर थाटलेले आहेत. निकालाचा वेगळा, हजेरीचा वेगळा, ग्रंथालयाचा वेगळा. ते नुसते यंत्राच्या आत असतात, हात लावायला बाहेर काही नसतं. पुस्तकात त्यांना आभासी सर्व्हर म्हणतात. मामीडवार म्हणतात बिऱ्हाडं. तीन घरं, सव्वीस बिऱ्हाडं. हे नाव इतकं सोयीचं निघालं की आमचे प्राचार्यही वापरू लागले. मी तेवढी नेटानं 'आभासी सर्व्हर' म्हणत राहिले.

प्रत्येक सर्व्हर स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. कोण आलं, कोण गेलं, काय अडलं, सगळ्याची ओळ पडते, वेळेसकट. तिला लॉग म्हणतात. आमच्याकडे सव्वीस रोजनिश्या सव्वीस जागी पडून होत्या, त्या कोणी वाचत नव्हतं, म्हणून सगळी मामीडवारांच्या वहीला विचारायची. मी ठरवलं, या सगळ्या रोजनिश्या एका जागी आणायच्या. एक सत्ताविसावा सर्व्हर उभा करायचा, बाकीच्यांनी आपली प्रत्येक ओळ लिहिल्याबरोबर त्याच्याकडे पाठवायची, आणि सगळं एका पडद्यावर दिसायचं. शोधा, गाळा, मोजा. कान लावायची गरज नाही.

कामासाठी ही यंत्रणा हवीच होती, अजूनही मी तेच म्हणेन. पण सचिवांना दिलेल्या प्रस्तावाचा शेवटचा परिच्छेद कामासाठी नव्हता. मी लिहिलं होतं की यंत्रणा सुरू झाल्यावर सर्व्हर खोलीत पूर्णवेळ माणसाची आवश्यकता राहणार नाही, श्री. मामीडवार यांना वणीच्या वसतिगृहात जनरेटर आणि पंपाच्या कामावर पाठवता येईल. ते वाक्य मी चारदा वाचलं. व्याकरण बरोबर होतं. पाठवून दिलं. सचिव म्हणाले, यंत्रणा डोळ्यांनी पाहतो, मग सही करतो.

मामीडवारांना यंत्रणेबद्दल सांगितलं, वणीबद्दल नाही. त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे सगळ्या बिऱ्हाडांचं एका जागी ऐकू येईन?"

"दिसेल."

"तेच ते. चांगलं काम हाये मॅडम. लय दिवसांपासून पाहिजेन होतं."

आणि ते मदतीला लागले. ही आणखी एक अडचण. कुठला सर्व्हर कुठल्या यंत्रात, त्याचा पत्ता काय, मागे कधी बदलला, हे माझ्या फाइलीत अर्धवट होतं आणि वही क्रमांक सव्वीसमध्ये पूर्ण. ते वाचायचे, मी टाइप करायचे. दोन आठवडे आम्ही रोज दोन-तीन सर्व्हर जोडत होतो. पहिल्याच रात्रीत ग्रंथालयाच्या सर्व्हरनं एकच तक्रार लाखभर वेळा पाठवून माझी अर्धी जागा खाल्ली. मी डोक्याला हात लावून बसले. मामीडवार म्हणाले, "इतके दिवस कोणी ऐकत नव्हतं त्याचं. आता आपण ऐकून राह्यलो तर बोलून राह्यला बिचारा."

त्यांनी विरोध केला तो एकदाच. तेरा नंबरला.

"तो कायले जोडता मॅडम? रिकामं बिऱ्हाड हाये ते."

तेरा नंबर मीच काढून दिला होता, सात वर्षांपूर्वी. त्यांची मुलगी संगणक शिकत होती, सुटीत सरावाला एक सर्व्हर हवा होता. आता ती पुण्याला एका कंपनीत आहे. तेरा नंबर तसाच राहून गेला होता. एरवी मी त्याच्याकडे पाहिलंही नसतं. पण मामीडवार नको म्हणाले ना, मग मला तो जोडायलाच हवा होता. तेव्हा "बरं" म्हटलं, आणि सचिव यायच्या शुक्रवारी दुपारी चारला, ते खाली जनरेटरचं डिझेल मोजत असताना, गुपचूप जोडून टाकला.

त्याआधी बुधवारी मला घबाड सापडलं होतं. पडद्यावर सगळ्यात ताजी ओळ सगळ्यात वर येते. मी पाहत होते, तर दोन नंबर यंत्रातल्या बिऱ्हाडांच्या ओळी (बघा, लिहून गेलेच मी) कायम सगळ्यांच्या वर तरंगत होत्या. वेळ पाहिली. घडायच्या आधीच घडल्यासारख्या. बरोबर सात मिनिटं पुढे.

सात मिनिटं म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलेच. मामीडवारांचं मनगटी घड्याळ सात मिनिटं पुढे असतं, हे संस्थेत शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी ते पांढरकवड्याहून एसटीनं यायचे, बस रोज चुकायची, म्हणून बायकोनं घड्याळ पुढं करून दिलं. मग यवतमाळला खोली घेतली, ऑफिसला पायी येऊ लागले, पण घड्याळ तसंच. ते सात मिनिटं लवकर येतात आणि सात मिनिटं लवकर जातात. पाच तेवीस झाले की "साडेपाच झाले मॅडम, निघतो". मला तक्रारही करता येत नाही. दोन वर्षांपूर्वी दोन नंबर यंत्राची बॅटरी बदलली होती, इंटरनेट बंद होतं, आणि त्यांनी वेळ लावली होती हातानं. मनगटाकडे पाहून. त्या यंत्रातले नऊच्या नऊ सर्व्हर तेव्हापासून मामीडवारांच्या घड्याळावर जगत होते.

दहा वर्षांत सापडलेली पहिली चूक. मी ती दुरुस्त केली नाही. शुक्रवारसाठी जपून ठेवली.

शुक्रवारी माझा दिवस बरा गेला नाही. सकाळपासून तोच पडदा दहादा तपासला. डबा उघडलाच नाही. सव्वापाचला सचिव आणि प्राचार्य माझ्या केबिनमध्ये आले, भिंतीवर मोठा टीव्ही लावलेला. मी सगळं दाखवलं. छान चाललं होतं. मामीडवार दाराशी उभे राहून कौतुकानं मान हलवत होते. पाच वीसला म्हणाले, "साहेब, माझं काम नसन तर खोली बंद करून निघतो."

"निघ, निघ," सचिव म्हणाले.

ते गेले, आणि मी ठेवणीतला पडदा काढला. त्यावर यंत्रांच्या आपोआप पडणाऱ्या ओळी नव्हत्या, फक्त माणसांनी हातानं केलेल्या नोंदी होत्या. मी घसा साफ केला. "साहेब, आता एक गंभीर बाब दाखवते. वरच्या ओळींची वेळ बघा—"

तेवढ्यात सगळ्यात वर एक नवी ओळ आली. सर्व्हर तेरा, तोही दोन नंबर यंत्रातलाच. वेळ साडेपाच. भिंतीवरच्या घड्याळात पाच तेवीस. इंग्रजी अक्षरांत मराठी.

'शोभा, आज मॅडमनी डबा उघडला नाही.'

सचिव चष्मा शोधत होते. तो कपाळावर होता. मला वाटलं, बटण दाबून पडदा बदलावा. पण दाबलं नाही. मी ती ओळ परत वाचत होते.

चष्मा नाकावर आला. "हे काय लिवलं हो? शोभा... आज मॅडम..."

"चाचणी आहे, साहेब. मीच लिहून ठेवलंय."

"शोभा कोण?"

"माझी बहीण."

"अन् मॅडम कोण?"

"मीच."

सचिवांनी प्राचार्यांकडे पाहिलं. "तुम्ही बहिणीजवळ सोताले मॅडम म्हणता?"

"लहानपणापासूनची सवय आहे," मी म्हणाले आणि टीव्ही बंद केला. माझी बहीण वर्ध्याला असते आणि तिचं नाव सुनंदा आहे.

"अन् ते गंभीर बाब?"

"वेळ थोडी पुढेमागे आहे. सोमवारी लावून घेते."

सचिवांनी प्रस्ताव काढला. शेवटचं पान उलटलं. "म्हंजे आता मामीडवारची वही संपली. वणीले पाठवू म्हणता?"

ओळ सात मिनिटं सगळ्यात वर राहणार होती. टीव्ही बंद होता, पण माझ्या टेबलावरच्या पडद्यावर मला ती दिसत होती.

"ते वाक्य काढून टाका, साहेब. यंत्रणा सर्व्हर काय लिहितो ते सांगते. जाळीत रुई बसली, एसीचं पाणी गळलं, उंदरानं केबल कुरतडली, हे सर्व्हर लिहीत नाही. त्याला माणूस लागतो."

"हे तुमाले आता समजलं?"

"दहा वर्षं लागली," मी म्हणाले. साहेबांना तो विनोद वाटला. त्यांनी वाक्यावर काट मारली आणि बाकीवर सही केली. पुढे महिनाभर संस्थेत कुजबुज होती की मॅडम घरीही स्वतःला मॅडम म्हणवून घेतात. मी खुलासा केला नाही.

सगळे गेल्यावर मी तेरा नंबर उघडला. उघडायला नको होता. उघडला.

सर्व्हरच्या रोजनिशीत आपल्या हातानं ओळ टाकायची एक साधी आज्ञा असते. मुलीनं कधीतरी सुटीत बापाला शिकवली असणार. मामीडवारांची बायको मुलीचं बाळ सांभाळायला पुण्याला गेली आहे, एवढं मी ऐकून होते. चार दिवसांसाठी गेली असेल असं धरून चालले होते. नीट आठवून पाहिलं, तर त्या चार दिवसांची तीन वर्षं झाली होती.

'शोभा, भाकरी तीन केल्या. एक उरली. अंदाज चुकतेच.'

'शोभा, जिनिंग सुरू झाली. रुई उडून राह्यली. तुले खोकला झाला असता.'

'शोभा, काल फोन लावला तर लेकरू झोपलं होतं म्हणून ठेवला. झोपलं ते चांगलं झालं.'

'शोभा, मॅडम नवीन यंत्रणा लावून राह्यल्या. हुशार बाई हाये. आता माह्या वह्या लागणार नाहीत. मी त्या दोरीनं बांधून ठेवल्या.'

आणि शेवटी आजची ओळ. तिच्याखाली आणखी एक आली होती. 'सकाळपासून चेहरा उतरला होता. विचारावं वाटलं. मॅडमले आवडत नाही म्हणून विचारलं नाही.'

मी संगणक बंद करून घरी गेले. भरलेला डबा ओट्यावर ठेवला. नवरा, सासूबाई आणि दोन्ही मुलं, चौघं जण त्या डब्याशेजारच्या माठातून पाणी पिऊन गेली. शेवटी सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाजी उद्या गरम करून घेऊ." दहा वर्षं मी मामीडवारांवर जळले. त्या रात्री भांडी लावताना मला त्यांचा नाही, पुण्याच्या शोभाबाईंचा हेवा वाटला. कधी न पाहिलेल्या बाईचा.

सोमवारी लवकर जाऊन दोन कामं केली. तेरा नंबर नव्या यंत्रणेतून काढला. मग त्याची स्वतःची रोजनिशी तपासली. जुन्या ओळी चार आठवड्यांनी आपोआप पुसल्या जातात, सगळ्या सर्व्हरला तशीच सवय असते. मामीडवारांना ते ठाऊक नसणार. तीन वर्षांतला एकच महिना उरला होता. मी पुसणं बंद केलं आणि डिस्कवरची जागा वाढवून दिली. दोन नंबरची वेळही इंटरनेटवरून लावली.

मामीडवार त्यांच्या वेळेला, म्हणजे सात मिनिटं आधी आले. पडद्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, पंचवीसच दिसून राह्यले."

"तेरा जोडला नाही. रिकामा आहे ना?"

"हो जी," ते म्हणाले. "रिकामाच हाये." मग म्हणाले, "मी वह्या बांधून ठेवल्या. कुठं ठेवू?"

"सोडा त्या. बत्तिसावी सुरू करा. साहेबांनी सांगितलंय."

त्यांनी चपला काढल्या, आत गेले. हात लावून झाला, कान लावून झाला. बाहेर येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "एक नंबर बरा हाये. तीन नंबर बरा हाये. दोन नंबर कुरकुरून राह्यला."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. त्यांनी आधी कपाटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मी? मी बरा हाये जी." आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. "डबा आणला ना मॅडम आज?"

"आणलाय."

त्या संध्याकाळी पाच तेवीसला तेरा नंबरमध्ये काय लिहिलं गेलं, मला माहीत नाही. मी ते दार परत उघडलं नाही. ते निवृत्त व्हायला चार वर्षं आहेत. मी हिशेब केला आहे, रोज दोन ओळी लिहिल्या तरी जागा पुरून उरेल.